गाण्यातून गणित

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी मुलांच्या गणिताविषयी बोलणार आहोत. पण पाट्या बाहेर काढू नका. आज बेरीज-वजाबाकी करायची नाही. आज गोष्ट ऐकायची आहे. टीव्हीची, गाण्यांची आणि बाहुल्यांची.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "टीव्हीचा आणि गणिताचा काय संबंध? टीव्हीनं तर पोरं बिघडतात." हे काही अंशी खरे आहे. पण विळ्याने गवत कापता येते आणि बोटही कापते. म्हणून कोणी विळा विहिरीत टाकत नाही. तो कसा धरायचा हे आपण शिकतो. टीव्हीचेही तसेच आहे. मुलांच्या शिक्षणासाठी तो कसा धरावा, हे काही शहाण्या माणसांनी शोधून काढले. त्यांची हकीकत ऐका.

जाहिरातीवरून सुचलेली युक्ती

ही हकीकत अमेरिकेतली आहे. साल १९६६. तिथे तेव्हा बहुतेक घरांत टीव्ही होता. तीन, चार, पाच वर्षांची मुले तासन्‌तास त्याच्यापुढे बसत. न्यूयॉर्क शहरात जोन गँझ कूनी नावाच्या बाई होत्या. त्या टीव्हीसाठी कार्यक्रम तयार करीत. त्यांच्या ओळखीचे लॉईड मॉरिसेट नावाचे गृहस्थ एका मोठ्या देणगी देणाऱ्या संस्थेत काम करीत. मुलांचे मन कसे चालते, याचा त्यांचा अभ्यास होता.

या मॉरिसेट यांची लहानगी मुलगी सकाळी लवकर उठे आणि टीव्हीपुढे बसे. त्या वेळी कार्यक्रम सुरू झालेले नसत. पडद्यावर नुसत्या रेघांची एक खूण दिसे. ती तेवढीसुद्धा बघत बसे! बापाला नवल वाटले. त्यांनी कूनीबाईंना विचारले, "मुले एवढी बघतात, तर यातून त्यांना काही शिकवता येईल का?"

कूनीबाईंनी चौकशी केली. गावोगावच्या जाणत्या माणसांना भेटल्या. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. लहान मुलांना अक्षरे येत नव्हती, अंक येत नव्हते. पण जाहिरातींची गाणी तोंडपाठ होती. दारूच्या जाहिरातींचीसुद्धा!

आपल्याकडे काय वेगळे आहे? घरातल्या लहान पोराला साबणाचे गाणे म्हणायला सांगा. एक अक्षर चुकणार नाही. असे का होते? जाहिरात छोटी असते. तिला चाल असते. सोबत चित्र असते. आणि ती पुन्हा पुन्हा येते. मग हीच युक्ती अंकांसाठी का वापरू नये?

अशा विचाराने १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत एक नवा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव 'सेसमी स्ट्रीट'. स्ट्रीट म्हणजे रस्ता. आणि सेसमी म्हणजे तीळ. अलीबाबाची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. "तिळा तिळा, दार उघड" म्हटले की गुहेचे दार उघडते. त्यातलाच हा तीळ. मुलांच्या पुढे शिक्षणाचे दार उघडावे, असा त्या नावाचा भाव.

या कामासाठी सुमारे ८० लाख डॉलर जमवले गेले. काही पैसे सरकारने दिले, काही मोठ्या धर्मादाय संस्थांनी दिले. पहिल्या वर्षी एक-एक तासाचे १३० भाग झाले. गरिबाघरची मुले शाळेत पहिल्या दिवसापासून मागे पडतात. ती मागे पडू नयेत, हा मुख्य हेतू होता. पहिल्या वर्षी अंक फक्त १ ते १० शिकवायचे ठरले. घाई नाही. दहाच अंक, पण पक्के.

आणि गंमत पाहा. जाहिरातीत शेवटी सांगतात ना, की हा कार्यक्रम अमुक कंपनीने तुमच्यापुढे आणला? तसे इथे सांगत, की आजचा कार्यक्रम अमुक अक्षराने आणि अमुक अंकाने तुमच्यापुढे आणला!

खरे आणि कल्पनेतले

या कार्यक्रमात दोन प्रकारची मंडळी होती. एक, खरी माणसे. ती एका साध्या शहरी गल्लीत राहत. दुकानदार, शिक्षक, शेजारी, अशी. दुसऱ्या बाहुल्या. जिम हेन्सन नावाच्या कलावंताने त्या केल्या होत्या. आपल्याकडे कळसूत्री बाहुल्या दोरीने नाचवतात. या बाहुल्यांत हात घालून त्यांना बोलते करीत.

तज्ज्ञांनी आधी सल्ला दिला, की खरी माणसे आणि बाहुल्या एकत्र दाखवू नका. लहान मुलाचा गोंधळ होईल. खरे कोणते आणि कल्पनेतले कोणते, ते त्याला कळणार नाही.

सल्ला मानला गेला. मग जुलै १९६९ मध्ये, कार्यक्रम सुरू होण्याआधी, काही नमुन्याचे भाग मुलांना दाखवले. मुले खरोखर बघतात की नाही, हे कसे ओळखायचे? त्यांनी एक साधी तऱ्हा काढली. टीव्हीच्या शेजारी दुसरा एक पडदा ठेवला. त्यावर दर काही सेकंदांनी नवे चित्र येई. मूल टीव्ही सोडून त्या चित्राकडे बघू लागले, की समजायचे, टीव्हीवरचा हा भाग कंटाळवाणा आहे. तेवढ्याची नोंद करायची.

काय दिसले? बाहुल्या आल्या की मुले टक लावून बघत. गल्लीतली खरी माणसे आली, की माना वळत.

मग त्यांनी सल्ला बाजूला ठेवला. बाहुल्यांना गल्लीत आणले. आठ फुटांहून उंच असा एक पिवळा पक्षी गल्लीत राहू लागला. कचऱ्याच्या डब्यात राहणारा एक चिडका प्राणी आला. मुलांचा गोंधळ झाला नाही. मुलांचे लक्ष लागले.

यात नवल ते काय? आपली आजी चिमणीला आणि कावळ्याला बोलायला लावत होतीच. चिमणी घर बांधत नाही, हे नातवाला कळत होते. तरी तो ऐकत होता. आणि ऐकता ऐकता शिकत होता.

मोजणारा सरदार

आता अंक कसे शिकवत, ते सांगतो.

एक आचारी होता. प्रत्येक अंकासाठी त्याची छोटी फिल्म असे. मुले अंक मोजत. मग शेवटी हा आचारी हातात तेवढीच पक्वान्ने घेऊन जिन्याच्या वर उभा राही. किती आहेत ते मोठ्याने सांगे. आणि धाडकन जिन्यावरून गडगडत खाली येई! मुले हसून लोटपोट होत. पण हसताना अंक ध्यानात राही.

१९७२ साली आणखी एक पात्र आले. याची गंमत समजायला इंग्रजीतला एक शब्द समजून घ्यावा लागेल. 'काउंट' म्हणजे मोजणे. आणि 'काउंट' म्हणजे युरोपातला एक सरदारही. म्हणून हा झाला मोजणारा सरदार. जुन्या गढीत राहतो. काळा झगा घालतो. सोबत वटवाघळे. दिसायला रक्तपिपासू भुतासारखा. पण त्याला एकच वेड आहे, मोजण्याचे. वटवाघळे मोज, घंटा मोज, समोर येईल ते मोज. मोजून झाले, की विजा कडाडतात आणि हा खदखदा हसतो.

युरोपातल्या खेड्यांत जुनी समजूत होती, की असल्या भुताच्या वाटेवर धान्य किंवा खसखस पसरावी. ते भूत एकेक दाणा मोजत बसते, आणि तोवर उजाडते. पोराला भिववणारे भूत इथे पोराला मोजायला शिकवू लागले! जेरी नेल्सन नावाच्या कलावंताने २०१२ साली मरण येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, या सरदाराला आवाज दिला.

१९७७ साली २ पासून १२ पर्यंतच्या अंकांसाठी एक गाणे आले. पडद्यावर एक गोळी नळ्यांतून, चक्रांतून धावे, आणि बायका ठेक्यात अंक म्हणत. त्या वेळची मुले आज पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांतल्या कितीकांना ती चाल अजून आठवते.

पाढ्यांचे गाणे

याच सुमारास अमेरिकेत दुसराही एक प्रयोग झाला. डेव्हिड मॅकॉल नावाचे गृहस्थ जाहिरातींच्या धंद्यात होते. त्यांच्या मुलाला पाढे येत नव्हते. पण नव्या नव्या गाण्यांचे शब्द मात्र बिनचूक पाठ. बापाने विचार केला, पाढ्यांनाच चाल लावली तर? बॉब डरो या संगीतकाराने गाणी रचली. १९७३ च्या जानेवारीपासून ती शनिवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमांमधून टीव्हीवर येऊ लागली. एकेक गाणे सुमारे तीन मिनिटांचे. सोबत हलती चित्रे.

त्यांतले एक गाणे फार मजेचे आहे. त्यात अशा प्राण्याची कल्पना केली आहे, की ज्याला हातापायांना बारा-बारा बोटे आहेत. आपली बोटे दहा, म्हणून आपण दहा-दहाचे गठ्ठे करतो. त्याची बोटे बारा, म्हणून तो बारा-बाराचे गठ्ठे करील. त्याला आणखी दोन आकडे लागतील. अशी कल्पना करून मुलांना बाराचा पाढा शिकवला आहे.

आपल्याला हे परके वाटायला नको. आपण केळी डझनावर घेतो. डझन म्हणजे बारा. आणि आपल्या आयाबाया बोटांच्या पेरांवर मोजतात. अंगठा सोडून चार बोटे. एका बोटाला तीन पेरे. चार त्रिक बारा! एका हातावर बारा मोजून होतात. आपले जुने पंतोजीही पाढे चालीवरच घोकून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सारे तालात चाले. गाण्यातून गणित ही आपल्या घरचीच रीत आहे. टीव्हीने तिला चित्र जोडले.

उपयोग झाला का?

आता तुम्ही विचाराल, "एवढा पैसा घातला, एवढी गाणी गायली. उपयोग झाला का?"

हा प्रश्न तिथल्या लोकांनीही विचारला. १९७० साली परीक्षा घेणाऱ्या एका मोठ्या संस्थेने शेकडो मुलांची तपासणी केली. कार्यक्रम बघण्याआधी काय येत होते आणि नंतर काय येऊ लागले, ते पाहिले. असे दिसले, की ज्या मुलांनी जास्त बघितले, ती जास्त शिकली. मुलगा असो, मुलगी असो. गरीब असो, श्रीमंत असो.

पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगळ्या तऱ्हेने शोध घेतला. त्यांची नावे मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन. सुरुवातीच्या काळात काही भागांत हा कार्यक्रम स्वच्छ दिसे. काही भागांत केंद्राच्या लहरी नीट पोचत नसत, तिथे तो दिसत नसे. या दोन्ही भागांतली मुले पुढे शाळेत कशी गेली, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून ताडून पाहिले. जिथे स्वच्छ दिसत होते, तिथली मुले शाळेत मागे राहण्याचे प्रमाण कमी होते. हा अभ्यास २०१९ साली छापून आला.

पण मंडळी, खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नीट लक्ष द्या.

१९७० च्या तपासणीत असेही दिसले होते, की जी मुले सर्वांत जास्त शिकली, त्यांच्या आया बहुधा त्यांच्यासोबत बसून कार्यक्रम बघत आणि त्याविषयी मुलांशी बोलत. १९७५ साली टॉमस कुक या अभ्यासकाने आणि त्याच्या सोबत्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. तपासणी करणारी माणसे काही घरी जाऊन आयांना आणि मुलांना उत्तेजन देत होती. त्या घरांतल्या मुलांचा फायदा मोठा होता. ज्यांना असे उत्तेजन नव्हते, नुसतेच बघणे होते, त्यांचा फायदा बराच कमी होता.

याचा अर्थ काय? टीव्हीपुढे मूल एकटे बसवले तर थोडे शिकते. शेजारी आपले माणूस बसले, तर पुष्कळ शिकते.

"आम्ही काय शिकवणार?"

इथे कोणी ताई म्हणतील, "अहो, आम्हीच आत्ता कुठं अंक लिहायला शिकलो. आम्ही पोराला काय शिकवणार?"

ताई, तुम्ही बाजारात मेथीच्या जुड्या मोजून देता. मजुरीचे दिवस बोटांवर धरता. महिन्याच्या दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा मारून ठेवता. दुकानदाराने दोन रुपये कमी दिले, तर लगेच ओळखता. हे गणितच आहे. ते टीव्हीतल्या बाहुलीजवळ नाही, तुमच्याजवळ आहे. आणि मुलाला त्याचीच गरज आहे. का, ते सांगतो.

गाणे म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. चार वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते. आपण कौतुक करतो. पण त्याच्यापुढे सात चिंचोके ठेवा. म्हणा, "बाळ, मोज बरं." कधी एका चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवील. कधी एक चिंचोका सोडून देईल. बोट मागे राहील आणि तोंड पुढे जाईल. एका वस्तूला एकच अंक, हे त्याला अजून उमगलेले नाही.

समजा, नीट मोजले. "सात" म्हणाला. आता विचारा, "मग चिंचोके किती?" पुष्कळ मुले पुन्हा एकपासून मोजू लागतात. शेवटचा अंक म्हणजेच सगळे मिळून किती, हे कळायला वेळ लागतो. यात मूल मठ्ठ आहे असे समजू नका. सगळीच मुले या वाटेने जातात. पण ही वाट चालायला सोबत लागते. गाणे अंक ओठावर आणून देते. चिंचोक्यावर बोट धरून ठेवायला आई लागते, बाप लागतो, आजी लागते.

आणि हे जमले नाही तर? मूल पहिलीत जाते. गुरुजी बेरीज शिकवू लागतात. मुलाला सातच कळलेले नाहीत, तर सात आणि तीन कसे कळणार? ते गप्प बसते. मग घाबरते. मग "मला गणित येत नाही" म्हणू लागते. पुढे शाळेत जायलाच कुरकुरते. वयाच्या चौथ्या वर्षी दहा मिनिटे सोबत बसलो असतो, तर पुष्कळदा हे टळले असते.

आपल्या घरात काय करावे?

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही सरकारी संस्था निघाली. तिने मराठीत मुलांसाठी शिक्षणाचे पुष्कळ कार्यक्रम केले. २०१७ साली ती बंद झाली. 'सेसमी स्ट्रीट'चे भारतीय भावंड 'गली गली सिम सिम' हे २००६ साली हिंदीत सुरू झाले. त्यात शाळेच्या गणवेशातली चमकी नावाची बाहुली मुलगी होती. आणि २०१७ पासून इंग्लंडमधली 'नंबरब्लॉक्स' ही मालिका मुले बघतात. तिच्यातला प्रत्येक अंक ठोकळ्यांचा आहे. तीन म्हणजे तीन ठोकळे, चार म्हणजे चार. एक अंक दुसऱ्याच्या डोक्यावर उडी मारतो आणि दोघांचा मिळून नवा अंक होतो. बेरीज डोळ्यांना दिसते!

आज हे सारे मोबाईलवरही दिसते. म्हणून जपून राहायला हवे. चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. वेळ ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त दाखवू नये. कमी दाखवले तर आणखी चांगले.

दुसरी गोष्ट. निवडून दाखवा. अंक म्हणताना पडद्यावर तेवढ्याच वस्तू दिसतात का? मुलाला उत्तर द्यायला मध्ये थोडा वेळ देतात का? नुसताच गोंगाट आणि रंग असतील, तर ते बंद करा.

तिसरी गोष्ट. शेजारी बसा. तुम्हीसुद्धा म्हणा. मध्येच विचारा, "आता कोणता अंक येईल?" मूल बाहुलीच्या आधी उत्तर देऊ लागले, की समजा, ते शिकते आहे.

चौथी गोष्ट. पडदा बंद झाला, की खऱ्या वस्तू हातात द्या. "घरात माणसं पाच. ताटं तीनच मांडलीस. अजून किती लागतील?" "कोंबड्या किती? सकाळी किती होत्या?" याला पैसा लागत नाही. वीज लागत नाही. चुलीजवळ, गोठ्यात, एसटीच्या थांब्यावर, कुठेही चालते.

बंधूभगिनींनो, तुम्ही दिवसभर राबून रात्री या वर्गाला येता. नवे अंक शिकता. आज घरी गेल्यावर पोराला किंवा नातवाला जवळ घ्या. मूठभर चिंचोके पुढे ठेवा. त्याचे बोट धरा आणि दोघे मिळून मोजा. त्याला शिकवता शिकवता तुमचेही पक्के होईल.

उद्याच्या वर्गात आम्ही प्रत्येकाला विचारणार आहोत, "काय हो, काल किती चिंचोके मोजले?" उत्तर तयार ठेवा.

इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.